मी RIP टाकलं की!

मला 'k' ची किळस येते. खरीखुरी, ताकात माशी दिसल्यावर येते तशी. आपण बोटं दुखेपर्यंत लिहायचं, की अगं असं झालं, मग बाई असं म्हणाल्या, मग मी पण काय सोडते का, आणि समोरून काय येतं? k. एक अक्षर. कुणीतरी आपल्या तोंडावर दार लावून घ्यावं तसं.

'hmm' त्याच्याही पुढचं. 'hmm' वाचलं की माझ्या डोळ्यांपुढं रवंथ करणारी म्हैसच येते. माझ्या पंधराव्या वाढदिवसाला अख्ख्या वर्गानं 'hbd' पाठवलं. एकानं तर नुसतं 'hb'. शेवटचं अक्षर पण जड झालं त्याला! वर पुन्हा 'tc'. काळजी घे म्हणे. तू दोन शब्द लिहिण्याची काळजी घेतली नाहीस, मी कशाला घेऊ?

आणि सगळ्यात घाण म्हणजे 'jvl?'. हे 'जेवलीस का' आहे. खोकल्याच्या औषधाचं नाव नाही. हे मला दररोज दुपारी येतं आणि पाठवणारी दुसरीतिसरी कुणी नाही, माझी जिवाची मैत्रीण चंद्रिका. आम्ही एकाच वर्गात, एकाच बिल्डिंगीत. ती तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मी तिला शंभरदा सांगितलंय, "चंद्रे, पूर्ण लिही नाहीतर लिहू नको." ती हसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'jvl?'.

हे सगळं मी आता तोंडावर बोलते. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हात वर करायला घाबरायचे. मग दहावीत आल्यावर बाईंनी जबरदस्तीनं वक्तृत्व स्पर्धेत ढकललं, माझा पहिला नंबर आला, आणि तेव्हापासून माझं तोंड बंदच होत नाही, असं आई म्हणते. होत नाही तर नाही! पंधरा वर्षांचं साठलंय की.

तर, आमची बिल्डिंग. जुळे सोलापुरात, रेवणसिद्ध अपार्टमेंट, बी विंग. या बी विंगचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे, 'हॅप्पी फॅमिली बी विंग'. त्यात सकाळी सहाला सिद्रामप्पाकाकांचं 'gm' पडतं. सिद्रामप्पाकाका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, रिटायर झालेत. पहिल्या मजल्यावरचा सुमित इंजिनीअरिंगला आहे, तो 'gm unc' म्हणतो. अंकल पण पूर्ण नाही. मग दिवसभर gm चालू. एकाच जिन्यात राहणारी माणसं! दार उघडून 'काय काका, चहा झाला का' म्हणायला किती लांब जायचंय?

दार न उघडता विचारणारी एकच व्यक्ती आमच्या बिल्डिंगीत होती, कारण ती मुळातच दाराबाहेर बसलेली असायची. चंद्रिकाची आज्जी, नागव्वा. तिला फ्लॅटमध्ये कोंडल्यासारखं व्हायचं. म्हणून तिनं तिसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी एक प्लॅस्टिकची खुर्ची टाकली होती. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाणारा, टाकी बघायला जाणारा, पेपरवाला, सगळ्यांना तिचा एकच प्रश्न. "ऊटा आतेन?"

म्हणजे, जेवण झालं का. आज्जी अक्कलकोटच्या पलीकडची, तिचं बोलणं निम्मं कन्नड. आमचं घर मंगळवेढ्याचं, आम्हाला कन्नड तेवढंच येतं. पण 'ऊटा आतेन' बी विंगमध्ये कुत्र्यालाही कळत असेल. नाही म्हटलं की ती हात धरून आत नेणार आणि कडक भाकरीचा तुकडा, शेंगाची चटणी, वर दही, हे खाल्ल्याशिवाय पुढची पायरी चढू देणार नाही. गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन आलेल्या माणसालाही तिनं एकदा तसंच थांबवलं होतं. बिचारा सिलिंडरसकट चटणी खात उभा होता.

त्या शनिवारी पहाटे आज्जी गेली. झोपेतच.

मी चंद्रिकाच्या आईचा आवाज ऐकला आणि तशीच वर पळाले. चंद्रिका आज्जीच्या पायाशी बसली होती, माझ्याकडं बघत पण नव्हती. मी तिच्या शेजारी बसले. काय बोलायचं ते मला सुचलं नाही. एवढी पहिला नंबर वाली मी, पण मला एक वाक्य येईना. नुसता तिचा हात धरून बसले.

दुपारपर्यंत सगळं आटोपलं. खांदा द्यायला बिल्डिंगमधले दोघंतिघं होते, बाकी गावाकडचे. मला पूर्वपरीक्षेचा पेपर होता, आईनं हाताला धरून पाठवलं. पेपर सुटल्यावर मैत्रिणीच्या फोनवर वर्गाचा ग्रुप बघितला. 'RIP chandrikas aji'. खाली 'rip'. खाली 'rip'. खाली 'r.i.p' टिंबं देऊन, हा हुशार मुलगा. खाली रडका चेहरा. आणि त्याच्या लगेच खाली, 'sci 2 cha paper kasa hota gys'.

शीऽऽ! मला उलटी यायची बाकी होती. आज्जीला तीन अक्षरं, आणि विज्ञान भाग दोनला अख्खं वाक्य!

क्लास करून मी घरी आले तेव्हा साडेसात वाजून गेले होते. आई पतसंस्थेत नोकरीला आहे, ती अजून आली नव्हती. बाबा कामासाठी पुण्याला गेलेले. मी दप्तर टाकलं आणि सरळ वर गेले, चंद्रिकाजवळ बसायला.

खुर्ची जिन्यापाशी तशीच होती. दार नुसतं लोटलेलं. आत मोठा दिवा लावलेला नव्हता, कोपऱ्यात समई फक्त. गुरुशांतकाका, म्हणजे चंद्रिकाचे बाबा, भिंतीला टेकून बसले होते. काकू आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. गावाकडचे सगळे जीपनं परत गेलेले, ते तिसऱ्या दिवशी येणार होते. घरात तिघंच.

चंद्रिकानं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळू आवाजात विचारलं, "शिवू, तुमच्याकडं आज काय केलंय गं जेवायला?"

मला वाटलं, असंच विचारतेय. मी म्हटलं, "आई यायचीय अजून. का?"

ती ओट्याकडं बघत राहिली. ओटा स्वच्छ, कोरडा. शेगडीवर काही नाही. एकही डबा नाही, पातेलं नाही.

"चंद्रे, कडू घास नाही आला?"

तिनं मान हलवली.

आता हे सांगायलाच हवं, कारण आमच्या वर्गात निम्म्यांना माहीत नाही. ज्या घरात माणूस जातं, त्या घरात तिसरा दिवस होईपर्यंत चूल पेटवत नाहीत. शेजारचे जेवण घेऊन येतात. साधंच, पिठलं-भाकरी. बसून, आग्रह करून दोन घास खायला लावतात. तो कडू घास. तो मागायचा नसतो. तो आला पाहिजे. आणि आमच्या बी विंगमध्ये तो नेहमी आलाय. तळमजल्यावरच्या मुक्ताकाकू ते बघतात. त्या दारोदार जिना चढून सांगतात, "तू पिठलं घाल, तू भाकरी थाप, तू भात लाव, आणि साडेसातला माझ्या दारात." त्यांच्यापुढं 'नाही' म्हणायची कुणाची हिंमत नसते. साडेसात म्हणजे साडेसात.

पण मुक्ताकाकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्या लेकीकडं मंगळवेढ्याला आहेत.

"बाबांनी सातला इन्शुलिन घेतलं," चंद्रिका म्हणाली. "रोज सातला घेतात आणि साडेसातला जेवतात. आज पण घेतलं. म्हणाले, साडेसातला येईलच की जेवण. मी मगाशी साखर दिली त्यांना चमचाभर. पण घाम येतोय गं त्यांना. हात बघ कसे हलायला लागलेत."

"अगं मग गॅस पेटव! काहीतरी कर!"

"आई नको म्हणते. म्हणते, अर्ध्या तासानं कुणीतरी येईल. या बिल्डिंगीत असं कधी झालं नाही. आपणच गॅस पेटवला तर उद्या सगळ्यांना कळेल, की आपल्याकडं कुणी आलं नाही. आज्जीसाठी कुणी आलं नाही." एवढं बोलून तिला रडू आलं. सकाळपासून न आलेलं रडू तिथं आलं, रिकाम्या ओट्यापाशी.

मला इतका राग आला, की माझे कान गरम झाले. मी म्हटलं, "अजून एक चमचा साखर दे त्यांना. मी आले."

जिना उतरताना आई भेटली, खांद्याला पर्स, हातात हेल्मेट. मी तिला तिथंच धरलं.

"आई, वर कडू घास कुणी दिला?"

"दिला असेल की तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी. ग्रुपवर चाललं होतं सगळं. मी पण ऑफिसातनं RIP टाकलं..." आणि माझं तोंड बघून ती थांबली. "का गं?"

मी तिच्याच पर्समधला फोन काढून ग्रुप उघडला. RIP. RIP. जोडलेले हात. RIP. फुलांचा हार. RIP. वर वर वर सरकवत गेले. आणि मध्येच, त्या सगळ्या कचऱ्यात, सकाळी साडेनऊचा एकच सरळ निरोप होता, मुक्ताकाकूंचा. चष्मा लावून, एका बोटानं लिहिलेला असणार.

"बी विंगच्या सर्वांना. नागव्वा लई भली बाई होती. आज साडेसातला तिच्या घरी कडू घास पोचला पाहिजे. पिठलं कोण, भाकरी कोण, भात कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी हितं नाही म्हणून राहू नये. गुरुशांतला शुगर हाय, उशीर करू नका."

त्याच्याखाली काय? अंगठे. नुसते अंगठे. पिवळे, उभे, खूश अंगठे! आणि त्याच्याखाली पुन्हा RIP. प्रत्येकाला वाटलं, वरच्या अंगठ्यानं स्वयंपाक केला. अहो, एवढ्या अंगठ्यांनी पीठ मळलं असतं तर गावजेवण झालं असतं!

आईनं तो निरोप वाचला आणि हेल्मेट पायरीवरच ठेवलं. "इन्शुलिन घेऊन बसलेत?"

"हो."

"कपाटावरच्या डब्यात कडक भाकरी आहेत. दूध तापव. भाकरी चुर, दूध घाल, साखर घाल आणि आधी ते घेऊन पळ. मागनं मी पिठलं टाकते."

"आधी मी सगळ्यांना..."

"शिवलीला! भांडण नंतर. दूध आधी."

दूध तापायला किती वेळ लागतो? त्या दिवशी युग लागलं. मी कडक भाकरी मुठीनं फोडत होते आणि दुसऱ्या हातानं दार उघडं धरून जिन्यात ओरडत होते. आईनं मनाई केली होती, पण हात कामात असताना तोंड मोकळंच होतं की.

सिद्रामप्पाकाका दारात आले. "काय झालं गं, आग लागली?"

"काका, वर कडू घास पाठवलात?"

"मी?" ते गोंधळले. मग एकदम छाती पुढं काढून म्हणाले, "मी 'भा.पू.श्र.' टाकलं ना ग्रुपवर. बाकीच्यांसारखं इंग्रजी नाही. मराठीतून!"

भा.पू.श्र.! भावपूर्ण श्रद्धांजली. त्यातला भाव पण गेला, श्रद्धा पण गेली, राहिली तीन टिंबं. मला मराठीत लिहिल्याचा आनंद व्हायला पाहिजे होता का?

खालून सुमितची आई वर आली, हातात टीव्हीचा रिमोट. तिच्या मागं सुमित, डोळे फोनमध्ये. मी त्यांनाही तेच विचारलं.

"अगं मी RIP टाकलं की!" काकू म्हणाल्या. "सकाळी सगळ्यात आधी माझंच आहे. बघ पाहिजे तर."

"मी पण टाकलं," सुमित म्हणाला. "विथ फ्लॉवर."

"काकू, RIP कशाबरोबर खायचं असतं? भाकरीबरोबर की भाताबरोबर?"

काकूंचं तोंड उघडं राहिलं. सिद्रामप्पाकाकांनी घसा खाकरला. एरवी मोठ्यांशी असं बोलल्यावर आईनं माझी चामडी सोलली असती. पण आत ती बेसन कालवत होती आणि मला थांबवत नव्हती.

"गुरुशांतकाका सुई घेऊन बसलेत," मी म्हटलं. "साडेसातला जेवण येणार या भरवशावर. तुमच्या भरवशावर. आता आठ वाजतायत. त्यांना घाम फुटलाय आणि चंद्रिका त्यांना चमच्यानं साखर चारतेय. आणि ग्रुपवर आपले एवढे अंगठे आहेत, की मोजता येत नाहीत."

मग काकू रिमोट हातात तसाच धरून वळल्या आणि धाडधाड खाली गेल्या. "सुमित! कुकर काढ! फोन ठेव तो, कुकर काढ म्हणते ना!" हे शेवटचं खालच्या मजल्यावरून ऐकू आलं. सिद्रामप्पाकाका तिथंच उभे होते. "मला एकट्याला चहाशिवाय काही करता येत नाही गं," असं ते भिंतीकडं बघून म्हणाले. ते ऐकायला मी थांबले नाही. दूध वर आलं होतं.

वाडगं दोन्ही हातांत धरून मी जिना चढले. आई मागून म्हणाली, "दुःखाच्या घरातनं निघताना 'येते' म्हणू नको हं. आणि ते खाईपर्यंत उठायचं नाही."

गुरुशांतकाका तसेच भिंतीला टेकलेले. शर्ट घामानं चिकटलेला. चंद्रिका त्यांचा हात धरून बसली होती. काकू बाहेर आल्या होत्या. माझ्या हातातलं वाडगं बघितलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी काकांपुढं बसले, वाडगं ठेवलं.

"काका, दोन घास घ्या."

त्यांनी मान हलवली. नको.

"काका, घ्या ना. सुई घेतलीय तुम्ही."

"नको वाटतंय गं बाळ." आवाज कुठून तरी खोलातून येत होता. "ठेव. घेतो नंतर."

नंतर! चंद्रिका माझ्याकडं बघत होती. पुढं काय बोलायचं ते मला पुन्हा येईना. मी दिवसभर लोकांच्या तीन अक्षरांना शिव्या घातल्या होत्या. आता माझ्यावर पाळी आली तर माझ्याकडं तेवढी पण नव्हती. 'दुःख झालं' म्हणू? 'आज्जी फार चांगल्या होत्या' म्हणू? सगळं वक्तृत्व स्पर्धेसारखं वाटायला लागलं. खोटं, पाठ केलेलं. वाडग्यातली भाकरी फुगत होती. काकांच्या कपाळावरून एक थेंब त्यांच्या भुवईवर आला.

मग माझ्या तोंडून ते निघून गेलं. विचार करून नाही. त्या दारात इतकी वर्षं तेच ऐकलं होतं, म्हणून.

"ऊटा आतेन, काका?"

उच्चार चुकीचाच होता माझा. आज्जी नेहमी हसायची. काकांनी वर बघितलं. मग त्यांचं तोंड वाकडं झालं, लहान मुलाचं होतं तसं, आणि ते म्हणाले, "इल्ला." नाही झालं.

"मग चला," मी म्हटलं आणि आज्जी करायची तसं त्यांचं मनगट धरून हात वाडग्यात घातला.

त्यांनी खाल्लं. रडत रडत, सांडत सांडत, पण अख्खं वाडगं खाल्लं. चंद्रिका चिकटून बसली होती. आधी थरथर कमी झाली, मग घाम सुकला. मी उठले नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी उठले नाही.

तेवढ्यात आई पिठल्याचं पातेलं घेऊन आली. पिठलं घाईत केल्यामुळं गुठळ्याच गुठळ्या. तिच्या मागून सुमितची आई कुकर घेऊन, आणि सुमित भाकरीची चळत फडक्यात गुंडाळून. त्याचा फोन खिशात होता. मी नीट बघितलं. सुमितच्या आईनं चंद्रिकाच्या आईचा हात धरला आणि म्हणाली, "उशीर झाला हो. चुकलंच आमचं." दुसरं काही नाही. मग सगळे जमिनीवर बसले आणि चंद्रिकाच्या आईनं एक घास घेतला. चंद्रिकानं गुठळ्यांचं पिठलं तीनदा घेतलं. निघताना कुणीच 'येते' म्हणालं नाही.

घरी आल्यावर बघते तर काय, ग्रुप पुन्हा गजबजलेला. जे वर आलेच नव्हते त्यांना कुठूनतरी कळलं होतं. 'gr8 wrk shivlila'. 'proud of u beta'. 'tysm'. 'sry evd nvta mahit'. म्हणजे 'सॉरी, एवढं माहीत नव्हतं' असेल बहुतेक, देव जाणे. मला इतकी किळस आली, की फोन धुवावासा वाटला. मी आईला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिही. पण अपमान करू नको कुणाचा."

मी लिहिलं. "उद्या रविवारचा सकाळचा चहा आणि नाश्ता कडू घासाच्या घरी द्यायचा आहे. जो नेणार त्यानं फक्त स्वतःचं नाव लिहावं. अंगठा दाखवू नये. नाव लिहिलं की साडेसातला जिना चढायचा, ते खाईपर्यंत बसायचं, मग उतरायचं."

मग सिद्रामप्पाकाकांचं आलं.

'k'.

फक्त k! नाव लिही म्हटलं तर k! मी उशी फेकून मारली भिंतीला. आई हसून हसून खाली बसली. मी गजर लावून झोपले, की सकाळी आपणच काहीतरी करायचं, या माणसाच्या भरवशावर राहायचं नाही.

सकाळी साडेसातला मी उप्पीट झाकून दार उघडलं तर समोरचं दार पण उघडत होतं. सिद्रामप्पाकाका. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, एका हातात थर्मास, दुसऱ्यात पोह्यांचं पातेलं. पोहे काळपट पिवळे, हळद कमी की जास्त तेही कळत नव्हतं.

"काका! तुम्ही?"

"मग? लिहिलं होतं की मी." ते दुखावल्यासारखे झाले.

"तुम्ही k लिहिलं होतं!"

"हां, तेच." ते दोन पायऱ्या चढले आणि थांबले. माझ्याकडं वळून, आवाज एकदम खाली आणून त्यांनी विचारलं, "शिवलीला, आत गेल्यावर काय बोलायचं असतं गं? काल सकाळी खांदा द्यायला गेलो नाही मी. आमची ही गेली तेव्हापासून मला त्या घरांमध्ये जाववत नाही. म्हणून ते टाकतो मी... ते लिहून टाकतो."

मी त्यांच्या हातातला थर्मास घेतला.

"काही बोलू नका काका. बसा नुसते."

ते बसले. तासभर बसले. गुरुशांतकाकांनी त्यांचे पोहे खाल्ले आणि विचारलं, मीठ घालायचं राहिलं का, आणि दोघंही थोडंसं हसले. मी उप्पीट घरी परत आणलं, आम्हीच खाल्लं.

पण 'k' ला माझ्याकडून माफी नाही, हे इथं लिहून ठेवते. काका चांगले आहेत, k चांगलं नाही. माणूस वर आला म्हणून अक्षर सुधारत नाही.

दुपारी मी ताट घेऊन बसले होते, वरण-भात आणि मेथीची भाजी. पहिला घास घेणार तेवढ्यात फोन वाजला. चंद्रिका. काल पहाटेपासून तिचा एकही निरोप नव्हता. मी उघडला.

'jvl?'

शी! सुधारणार नाही ही मुलगी. कध्धी सुधारणार नाही. ज्या घरात अजून शेगडी पेटलेली नाही, तिथं बसून ही मला विचारतेय, आणि ते पण स्वर सगळे खाऊन, नुसती व्यंजनांची हाडं ठेवून!

मी उत्तर टाइप केलं नाही. ताट उचललं, दुसऱ्या ताटात भात वाढून घेतला आणि जिना चढले.